वाचकांचे प्रश्न : आजारी मासा आणि टाकीतले पाणी

उन्हाळा सुरू झाला की या सदराकडे मत्स्यटाकीविषयीची पत्रे येऊ लागतात आणि त्यांतील बहुतेकांच्या शेवटी एकच विचारणा असते, ‘कोणते औषध द्यावे?’ या वेळी सोलापुरातून आलेली चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यात जे घडले आहे तेच थोड्याफार फरकाने असंख्य घरांत घडत असते.

प्रश्न : आमच्या घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी असून तिच्यात दिवाळीपासून सहा गोल्डफिश आहेत. मागच्या आठवड्यात सोमवारी पहाटे नळाला पाणी आले. टाकी हिरवट दिसत होती म्हणून मी सगळे पाणी काढून टाकले, तळाचे खडे घासून धुतले, फिल्टरमधला स्पंज नळाखाली स्वच्छ पिळून घेतला आणि टाकी ताज्या पाण्याने भरली. त्या दिवशी सकाळी मासे बिथरल्यासारखे पळत होते, पण संध्याकाळी शांत झाले. गुरुवारी मात्र एक मासा पर मिटून तळाशी बसला, दुसऱ्याच्या शेपटीत लाल रेषा उमटल्या आणि बाकीचे वर येऊन तोंडाने हवा घेऊ लागले. दुकानदाराने दिलेले निळे औषध मी सांगितल्यापेक्षा थोडे जास्तच घातले आणि शनिवारी पुन्हा सगळे पाणी बदलले, तरी दोन मासे गेले. त्यानंतर चाचणीचा संच आणला. काल, मंगळवारी, अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम, पीएच ८.२ आणि पाण्याचे तापमान ३० अंश असे आकडे मिळाले. माझ्या मुलीचा या माशांवर फार जीव आहे. उरलेल्या चौघांना कोणते औषध द्यावे?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : आपण वारांचा क्रम आणि चाचणीचे आकडे इतक्या नेमकेपणाने लिहून पाठवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. आपल्या माशांना आज औषध देऊ नये. त्यांना विषबाधा झाली आहे आणि ते विष त्यांच्याच शरीरातून बाहेर पडून पाण्यात साठलेले आहे. म्हणून आधी काय करायचे ते सांगतो आणि कारणे नंतर सांगतो.

क्लोरीन काढलेले, टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचे पाणी घेऊन आज टाकीतले एक तृतीयांश पाणी बदलावे आणि बारा तासांनी पुन्हा तेवढेच बदलावे. त्यानंतर रोज अमोनिया तपासावा आणि तो लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर दिसला की त्या दिवशी एक तृतीयांश पाणी बदलावे. चार दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवावे. निरोगी गोल्डफिशला चार दिवसांच्या उपासाने काहीही होत नाही, आणि जे खाद्य पोटात जाणार नाही त्याचा अमोनियाही तयार होणार नाही. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. निळे औषध थांबवावे. खडे मीठ लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात, म्हणजे आपल्या टाकीसाठी सुमारे ४५ ग्रॅम, तांब्याभर पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांनी घालावे. पुढे पाणी बदलताना जेवढे पाणी काढले तेवढ्याच पाण्यापुरते मीठ नव्याने घालावे, कारण पाणी उडून गेले तरी मीठ टाकीतच राहते. हा हिशोब चुकला की मिठाचे प्रमाण नकळत वाढत जाते. (आपली टाकी काठोकाठ भरली तर ५६ लिटरची आहे, परंतु खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात पाणी ४५ लिटरच्या आसपास भरते. औषध आणि मीठ नेहमी प्रत्यक्ष पाण्यावर मोजावे.)

आता कारणे पाहू. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर आणि काचेवर सूक्ष्म जिवाणूंचा बुळबुळीत थर बसलेला असतो. त्यांतील काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषे आहेत, नायट्रेट त्यामानाने पुष्कळ सौम्य असते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. सोमवारी पहाटे आपण घाण समजून जे घासून काढलेत तो हाच थर होता. स्पंज नळाखाली पिळल्यावर त्यात जे थोडे जिवाणू उरले असतील त्यांना नळाच्या पाण्यातील क्लोरीनने मारले. सोमवारी सकाळी मासे बिथरले ते त्याच क्लोरीनमुळे, कारण क्लोरीन कल्ल्यांच्या नाजूक पेशी भाजून काढते. संध्याकाळपर्यंत क्लोरीन उडून गेले आणि मासे शांत झाले, पण तोपर्यंत टाकीत अमोनिया पचवणारे कोणीही उरले नव्हते. तीन दिवसांत सहा माशांचा अमोनिया साठला आणि गुरुवारी लक्षणे दिसली. निळे औषध, जे बहुधा मिथिलीन ब्लू असावे, बुरशीवर उपयोगी असले तरी फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारते. शनिवारी पुन्हा सगळे पाणी बदलल्यामुळे अमोनिया त्या दिवसापुरता गेला, पण माशांना क्लोरीनचा दुसरा फटका बसला.

मी हे कोणताही दोष देण्यासाठी लिहीत नाही. माशांना स्वच्छ पाणी मिळावे याच कळकळीने आपण ते सारे केलेत, आणि मासे पाळायला लागल्यावर पहिल्याच वर्षी मीही अशाच धुतलेल्या टाकीत माझे चार मासे गमावले आहेत. त्या वेळी मला हे सांगणारे कोणी नव्हते, म्हणून आज इतके विस्ताराने लिहितो आहे.

आपल्या आकड्यांपैकी पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते दाखवणारा, ८.२ हा आकडा अमोनियाइतकाच महत्त्वाचा आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत राहतो आणि त्यांतील एकच रूप माशाला विशेष विषारी असते. हे विषारी रूप किती असेल ते पीएच आणि तापमान यांवर ठरते. पाणी ३० अंशांवर असताना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या शंभर भागांतला एक भागही विषारी रूपात नसतो, परंतु पीएच ८.२ झाला की शंभरात सुमारे अकरा भाग विषारी होतात. म्हणजे आपल्या टाकीतल्या २ मिलिग्रॅमपैकी सुमारे ०.२ मिलिग्रॅम अमोनिया खरोखर विषारी आहे, आणि लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढे तो काही दिवस टिकला तरी कल्ल्यांना इजा होते. पीएच खाली आणण्यासाठी लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा बाजारातील द्रावण मात्र घालू नका. पीएचमधला अचानक बदल माशाला चढ्या पीएचपेक्षा अधिक घातक असतो. शिवाय आपल्या भागातील पाण्यात, विशेषतः काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात, क्षारांचे प्रमाण बरेच असल्यामुळे आम्ल घालून उतरवलेला पीएच पुन्हा वर चढतो आणि माशाला दोन्हीकडून धक्के बसतात. गोल्डफिशला जड पाणी मानवते. अमोनिया शून्यावर आला की ८.२ पीएचमध्ये तो आनंदाने राहील.

फिल्टर पुन्हा मुरण्यास चार ते सहा आठवडे लागतात. हा काळ कमी करण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे आणि तो आपल्या स्वयंपाकघरातल्या दह्यासारखा आहे. ओळखीच्या कोणाकडे वर्ष-सहा महिने नीट चाललेली, निरोगी माशांची टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला थोडा स्पंज मागून आणावा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. हे विरजण लागले की आठवड्या-दीड आठवड्यात फरक दिसू लागतो. आणताना तो स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात भिजलेला ठेवावा आणि वाटेत वाळू देऊ नये. मध्यंतरी, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, अमोनिया उतरून नायट्राइट वाढेल. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते, कल्ले तांबूस-तपकिरी दिसतात आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मीठ आजच घालायला सांगितले आहे ते मुख्यतः त्या आठवड्यासाठी. येथून पुढे स्पंज धुवायचा असेल तेव्हा टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो दोनदा हलकेच दाबावा, तेवढे पुरे आहे. काचेवरील हिरवटपणा पुसून काढता येतो. तो माशाला अपाय करत नाही, मात्र टाकीवर थेट ऊन येत असेल तर टाकी हलवावी.

आता पाण्याच्या साठवणीविषयी थोडे लिहितो, कारण सोलापुरात मासे पाळणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. उजनीच्या जलाशयातून शंभरेक किलोमीटरच्या जलवाहिनीने, तसेच टाकळीहून आणि हिप्परग्याच्या तलावातून आपल्या शहराला पाणी मिळते, आणि अनेक भागांत ते काही दिवसांआड येते. पाणी आले की सगळी कामे त्याच तासा-दोन तासांत उरकण्याची घाई असते आणि टाकीचे पाणीही त्याच घाईत बदलले जाते. माझी आपल्याला विनंती आहे की माशांसाठी ५० लिटरचे एक पिंप वेगळे ठेवावे. त्यात कधीही साबण, सोडा किंवा फिनेलचा हात लागू देऊ नये. नळाला पाणी आल्यावर सुरुवातीचे गढूळ पाणी जाऊ द्यावे, मग पिंप भरावे, तोंडावर पातळ मलमलीचे कापड ताणून बांधावे आणि शक्य असल्यास आत एअर पंपाची एक नळी सोडावी. चोवीस तासांत साधे क्लोरीन उडून जाते. घट्ट झाकणाच्या गच्चीवरील टाकीत ते इतक्या लवकर उडत नाही, म्हणून तिथून थेट पाणी घेणे सुरक्षित समजू नये. कापडाने वायू अडत नाही, पण डास अडतात, आणि साठवणीच्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालत असल्यामुळे हे कापड माशांइतकेच घरच्या माणसांसाठीही आवश्यक आहे. डासांच्या अळ्या मारण्याचे औषध टाकलेल्या हौदाचे पाणी मत्स्यटाकीसाठी घेऊ नये.

पाणी तातडीने हवे असेल, जसे ते आपल्याला आज हवे आहे, तर दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट वापरावे. जुन्या फोटो स्टुडिओत ज्याला हायपो म्हणत तेच हे स्फटिक. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम स्फटिक विरघळवून बाटली भरून ठेवावी आणि दर १० लिटर ताज्या पाण्याला त्यातले १० मिलिलिटर घालून ढवळावे. नेहमीच्या पुरवठ्यातील क्लोरीनसाठी एवढे पुरेसे होते. पाण्याला ब्लीचिंग पावडरचा उग्र वास येत असेल तर ते पाणी त्या दिवशी घेऊच नये.

अखेरची गोष्ट थोडी जड मनाने लिहितो. दोन फुटी टाकी सहा गोल्डफिशना अपुरी आहे आणि उरलेल्या चौघांनाही ती पुढे अपुरीच पडेल. गोल्डफिश पुष्कळ खातो, पुष्कळ घाण करतो आणि नीट वाढला तर तळहाताहून मोठा होतो. इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता, तो १९९९ साली मेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. सगळे इतके जगत नाहीत, परंतु दहा-पंधरा वर्षांची सोबत अगदी शक्य असते. जमेल तेव्हा तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टाकी घ्यावी, तिच्यात १९० लिटरपर्यंत पाणी मावते. तोपर्यंत नवा मासा आणू नये. शेपटीतल्या लाल रेषा पाणी सुधारल्यावर आठवड्याभरात फिकट झाल्या नाहीत, किंवा शेपटीची कड पांढरट होऊन झडू लागली, तर मात्र जिवाणूंचा संसर्ग आहे असे समजून त्या एका माशाला वेगळ्या टबात ठेवावे आणि मला पुन्हा लिहावे.

प्रश्न : जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मी दुकानातून चार मॉली आणून जुन्या टाकीत सोडल्या. आठवडाभरात सगळ्या माशांच्या अंगावर साखर भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. औषध घातल्यावर तीन दिवसांत ठिपके गेले म्हणून औषध थांबवले, तर पाचव्या दिवशी पूर्वीपेक्षा जास्त ठिपके उठले आणि निम्मे मासे गेले. आता पुन्हा मासे आणायचे आहेत. औषध बनावट होते का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : औषध खरे असण्याचीच शक्यता अधिक आहे. ते लवकर थांबवले गेले. ठिपक्यांच्या या रोगाचा परजीवी एकपेशीय असून तो माशाच्या त्वचेखाली शिरून वाढतो. आपल्याला दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे त्वचेच्या आवरणाखाली सुरक्षित बसलेला एक परजीवी असतो आणि तिथे त्याला कोणतेही औषध पोहोचत नाही. पूर्ण वाढला की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागून शेकडो पिल्ले तयार करतो. कवच फुटून ही पिल्ले पाण्यात पोहू लागली की एक-दोन दिवसांत त्यांना मासा सापडावाच लागतो, नाहीतर ती मरतात. औषधाचा मारा चालतो तो केवळ या पोहणाऱ्या अवस्थेवर. आपले ठिपके तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा परजीवी तळाशी कवचात होते, आणि ते बाहेर पडले तेव्हा पाण्यात औषध उरले नव्हते.

म्हणून उपचार शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही किमान आठवडाभर चालू ठेवावा लागतो. पाणी गार असेल तर हे चक्र फार लांबते. २५ अंशांच्या आसपास ते आठवड्याभरात पुरे होते, तर थंडीत काही आठवडे रेंगाळते. यासाठी हीटर लावून तापमान दिवसाला एक-दोन अंश अशा बेताने ३० पर्यंत नेतात, म्हणजे परजीवी लवकर उघड्यावर येतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा एअर पंप वाढवण्यास विसरू नये. मॉली आणि गोल्डफिश यांना लिटरला तीन ग्रॅमपर्यंत मीठ दोन दिवसांत विभागून दिलेले चालते आणि त्याने पुष्कळदा काम भागते. टाकीत वनस्पती किंवा खवले नसलेले कॅटफिश असतील तर एवढे मीठ त्यांना सोसणार नाही.

जानेवारीत आपल्याकडे दुपार उबदार आणि पहाट चांगलीच गार असते. लहान टाकीचे पाणी त्याबरोबर वरखाली होते आणि माशांची प्रतिकारशक्ती नेमकी तेव्हा खालावते. त्यात नव्या माशांबरोबर परजीवी आला. पुढच्या वेळी नवे मासे वेगळ्या टबात तीन आठवडे ठेवावेत, त्यांची जाळी आणि बादली वेगळी ठेवावी, आणि दुकानातील पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. आपली सध्याची टाकी गेले दोन-तीन महिने ठिपक्यांविना असेल तर ती आता सुरक्षित मानता येईल.

या निमित्ताने गोल्डफिश पाळणाऱ्या सर्वांना एक गोष्ट सांगून ठेवतो. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर पांढरे, टणक, ओळीने मांडल्यासारखे ठिपके येतात. मासा खातो-पितो, खेळतो आणि ठिपके फक्त याच दोन जागी आहेत, असे असेल तर तो निरोगी नर आहे. त्याला औषध देऊ नये.

प्रश्न : दुपारी वीज गेली की टाकीतले मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. परवा तीन तास वीज नव्हती. बर्फ टाकला तर चालेल का? याच खोलीत काचेच्या बरणीत एक फायटर मासाही आहे, तो तर वीज असतानाही अधूनमधून वर येऊन हवा घेतो.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, विजापूर रस्ता

उत्तर : फायटरची काळजी करू नका. त्याला कल्ल्यांखेरीज हवेतून प्राणवायू घेण्यासाठी वेगळे इंद्रिय असते आणि वर येऊन हवा घेणे हा त्याचा स्वभावच आहे. बरणीऐवजी पंधरा-वीस लिटरची झाकण असलेली टाकी त्याला दिली तर तो अधिक सुखी राहील. बाकीच्या माशांची गोष्ट मात्र गंभीर आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात आणि ३५ अंशांना सातहूनही किंचित कमी, आणि गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज तर वाढलेली असते. बॅटरीवर चालणारा एअर पंप स्वस्तात मिळतो, तो घरात असावा. तो येईपर्यंत वीज गेल्यावर दर दहा-पंधरा मिनिटांनी टाकीतले पाणी मगाने काढून वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीतच ओतत राहावे.

बर्फ सरळ टाकू नये. तापमान एकदम उतरते आणि बर्फ नळाच्या पाण्याचा असेल तर क्लोरीनही टाकीत शिरू शकते. बाटलीत गोठवलेले पाणी बूच घट्ट लावून टाकीत तरंगत ठेवले तर चालेल, पण तासाला एक-दोन अंशांपेक्षा अधिक उतार होऊ देऊ नये. त्याहून चांगला उपाय आपल्या कोरड्या हवेत आहे. ज्या कारणाने आपल्याकडे माठातले पाणी थंडगार होते, त्याच कारणाने टाकीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडला की पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरते. उडी मारणारे मासे असतील तर वर जाळी लावावी. यात पाणी झपाट्याने आटते आणि क्षार मागे राहतात, म्हणून रोजची भर घालताना बोअरचे पाणी टाळून घरातल्या फिल्टरचे आरओ पाणी घालावे. ही सवलत केवळ आटलेल्या पाण्याच्या भरपाईपुरती आहे. पूर्ण टाकी आरओच्या पाण्याने भरू नये, कारण माशालाही पाण्यातील क्षार लागतात. वीज बराच वेळ गेली असेल आणि आपला फिल्टर बंद डब्याचा असेल, तर वीज आल्यावर तो तसाच सुरू करू नये. आत कोंडलेले पाणी आधी ओतून टाकावे, कारण प्राणवायूवाचून त्यातले जिवाणू मरू लागलेले असतात.

प्रश्न : माझ्या पत्नीने आणलेला गोल्डफिश आठ वर्षांपासून आमच्याकडे आहे. ती आता नाही. गेल्या पंधरवड्यापासून त्याचे पोट फुगले असून खवले उभे राहिले आहेत, वरून पाहिले तर तो फणसाच्या सालीसारखा दिसतो. तीन दिवसांपासून तो खात नाही आणि एका कुशीवर पडून असतो. चाचणीत पाणी चांगले निघाले. शेजारी म्हणतात की त्याला सिद्धेश्वर तलावात सोडून द्यावे, मोकळ्या पाण्यात तो बरा होईल किंवा निदान सुखाने जाईल. काय करावे?
— सेवानिवृत्त शिक्षक, बाळीवेस

उत्तर : सर, आपले पत्र मी अनेकदा वाचले. आठ वर्षे एका टाकीतला मासा जगला, म्हणजे आपण दोघांनी त्याचे फार चांगले केले आहे.

आपण वर्णन केलेली अवस्था म्हणजे शरीरात पाणी साठणे. मासा गोड्या पाण्यात राहतो तेव्हा बाहेरचे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत असते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकत असतात. मूत्रपिंडे निकामी झाली की पाणी आत साचते, पोट फुगते आणि त्या दाबाने खवले उभे राहतात. हे लक्षण फार उशिरा दिसते. खवले उभे राहण्याच्या सुरुवातीला, मासा खात असताना, वेगळ्या टबात लिटरला एक ते तीन ग्रॅम मीठ आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषधयुक्त खाद्य दिले तर काही मासे वाचतात. आपला मासा पंधरा दिवस या अवस्थेत आहे, खात नाही आणि कुशीवर आहे. तो वाचण्याची आशा मी आपल्याला दाखवली तर ते खरे होणार नाही.

तलावात त्याला सोडू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आठ वर्षे ठरलेल्या पाण्यात राहिलेला, पोहताही न येणारा मासा तलावात सुखाने जात नाही. तो बगळ्याच्या किंवा कासवाच्या तोंडी लागतो, नाहीतर काठाला लागून तडफडतो. त्याच्या अंगावरील रोगजंतू तलावातल्या माशांना लागू शकतात. निरोगी मासे सोडण्यानेही हानी होते. टाकीतून बाहेर गेलेला सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो, जाळी फाडतो आणि त्याला बाजारात भाव नसतो. कोणीतरी दयेपोटीच तो कधीतरी पाण्यात सोडला असेल.

त्याची शेवटची वेळ वेदनेविना जावी यासाठी लवंगेचे तेल वापरतात. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या या तेलाने मासा आधी झोपी जातो. मोठ्या पातेल्यात टाकीतलेच पाच लिटर पाणी घेऊन त्यात माशाला अलगद ठेवावे. लहान बाटलीत कोमट पाणी आणि दोन मिलिलिटर लवंगेचे तेल घालून दुधासारखे पांढरे होईपर्यंत जोराने हलवावे. त्यातील चौथा हिस्सा काही मिनिटांत थोडा थोडा करून पातेल्यात सोडावा. मासा निपचित झाला, स्पर्श केला तरी हलेनासा झाला, की उरलेले सगळे मिश्रण ओतावे. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही त्याला अर्धा तास तसेच राहू द्यावे, कारण हालचाल थांबली तरी हृदय काही वेळ चालू असते. फ्रीजरमध्ये ठेवणे किंवा कोरड्यावर सोडणे हे दोन्ही त्याला क्लेशकारक आहे. ही गोष्ट आपल्या हातून होणार नसेल तर पशुवैद्यकांना विचारावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

नंतर त्याला अंगणात किंवा मोठ्या कुंडीत वीतभर खोल पुरावे, वर तुळस किंवा मोगरा लावता येईल. या कामात हाताला जखम असेल तर हातमोजा घालावा, कारण माशांमधील एक जिवाणू जखमेतून माणसाच्या त्वचेत शिरून महिनोन्‌महिने न भरणारी गाठ करतो. टाकीत दुसरे मासे असतील तर त्यांच्यात हे लक्षण येते का ते दोन आठवडे पाहावे. हा विकार बहुतेक वेळा एकाच माशापुरता राहतो. जाळी उन्हात दिवसभर कडकडीत वाळवावी, आणि फिल्टर मात्र चालूच ठेवावा.